अजूनबाईंची दाढ

३ फेब्रुवारी, सोमवार

“दुखायचं थांबलं, म्हणून आलो नाही.”

आठ महिन्यांनी उगवून हे वाक्य! घरांना रंग देणारा माणूस. गाल एवढा सुजलेला की डावा डोळा अर्धा मिटलेला. गेल्या जूनमध्ये त्याच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी नस काढली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि बजावलं — आठवड्याने या. कार्डावर तारीखसुद्धा लिहून दिली. गेला तो गेलाच.

अरे बाबा, दुखायचं थांबलं कारण दुखणारी नस मी काढली! आतली घाण कुठे संपली होती? मुळांमधल्या नळ्या पूर्ण साफ करायच्या, भरून बंद करायच्या, वर कॅप बसवायची — तेव्हा काम संपतं. तात्पुरतं सिमेंट म्हणजे दाराला लावलेला पडदा. हा त्याला कुलूप समजून आठ महिने निवांत! सिमेंट पडलं, जंतू परत आत शिरले, कॅप नव्हती म्हणून दाढ उभी चिरली. आता ती वाचत नाही. पू काढला, गोळ्या दिल्या, शुक्रवारी दाढ काढायची. वाचली असती हो! आणखी दोन खेपांचं काम होतं.

मी ओरडले. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढं. तो सुजलेल्या तोंडाने “चुकलं मॅडम, चुकलं” म्हणत राहिला.

ताई हत्यारं धूत होत्या. सतरा वर्षं माझ्याकडे मदतनीस आहेत, माझ्याहून वयाने मोठ्या. मान न वळवता म्हणाल्या, “डॉक्टर, बीपीची गोळी राहिली का आज?”

राहिली होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तीच टकळी पाच वेळा चालवली. पाच! त्यापेक्षा छापून हातात द्यावं. पत्रकच काढते — ‘रूट कॅनालबद्दल रुग्णांनी काय जाणून घ्यावं’. ते वाचतील, मी तोंड मिटून काम करीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अजूनबाई आल्या होत्या. हे नाव मी ठेवलंय. ताईंना माहीत आहे, त्यांना नाही. खुर्चीत बसल्या की पहिला शब्द ‘अजून’.

“अजून आहे, डॉक्टर.”

पन्नाशीच्या आहेत, कुठल्याशा छापखान्यात प्रूफं तपासतात. वरची उजवी दाढ. नोव्हेंबरात रूट कॅनाल केलं, कॅप बसवली. तेव्हापासून ही तिसरी खेप.

“काय होतं नक्की?”

“दुखतं म्हणजे तसं दुखत नाही. आत कोणीतरी बोट टेकवून उभं आहे, असं वाटतं. चावलं की ते बोट दाबतं.”

आता याला औषध काय द्यायचं? कुठलं बोट? एक सरळ आणि एक तिरका असे दोन एक्स-रे काढले. तिन्ही नळ्या अगदी टोकापर्यंत भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र. मुळाशी सावली नाही. सुंदर काम झालंय — मीच केलंय! तरी कॅप किंचित घासून उंची कमी करून दिली.

“थोडा वेळ द्या दाताला.”

“तीन महिने दिले, डॉक्टर.”

आवाज खालचा, शब्द तोलूनमापून. अशा माणसांशी धड भांडताही येत नाही!

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जेवणाच्या टेबलावर पत्रक लिहायला बसले. रागात हात चांगला चालतो.

‘दुखायचं थांबणं म्हणजे उपचार संपणं नव्हे. अर्धवट सोडलात तर दात गमवाल. दोष डॉक्टरांचा नसेल.’

‘नुसत्या गोळ्यांनी दात बरा होत नाही. गोळ्या रक्तातून जातात, आणि मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोहोचत नाही. कीड दातात बसलेली असते, ती हातानेच काढावी लागते.’

‘रूट कॅनाल केलेला दात ठिसूळ होतो. बहुतेक दाढांना कॅप लागते. नंतर बघू म्हणू नका.’

‘भूल दिल्यावर उपचार करताना सहसा दुखत नाही. शेजारणीच्या दिराला काय झालं होतं, ते इथे सांगू नये.’

‘गालाची सूज गळ्याकडे उतरू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता थेट मोठ्या इस्पितळात जा.’

‘उपचार पूर्ण झाल्यावर दात दुखत नाही. त्यात नस नसते. तरी दुखतं असं वाटल्यास तो बहुधा मनाचा खेळ असतो.’

नवऱ्याला वाचायला दिलं. तो शाळेत भूगोल शिकवतो, दर आठवड्याला ढीगभर वह्या तपासतो. वाचून झालं, चष्मा काढला.

“अगं, हे पत्रक आहे की दम?”

“समजावून सांगितलंय.”

“हं. माझ्या वर्गात मी असं समजावलं तर मागचा बाक खिडकीतून उडी मारेल.”

शेजारणीचा दीर तेवढा कापला. बाकी एक शब्द बदलणार नाही!

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन. “डॉक्टर, तीन दिवसांच्या गोळ्या फोनवरच सांगा, बाकी देव बघेल.”

देवाकडे एक्स-रे मशीन नाही, म्हटलं. तुम्हालाच यावं लागेल.

फोन ठेवला पलीकडून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अजूनबाई. चौथ्यांदा!

खुर्चीतला पेशंट अर्धवट उठवलेला, बाहेर सहाजण, रंगारी तर दाढ काढायच्या तारखेलाही आला नव्हता, तो आज आला. आणि या दारात उभ्या — “दोनच मिनिटं, डॉक्टर. अजून —”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, त्या दाढेत नसच नाही! मीच काढलीय. नस नाही, तर दुखणार काय? कपाळ?”

कोणीतरी हसलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नस नाही, मग मला हे सांगतंय कोण?”

“मन,” मी म्हणाले. “झोप नीट होते का? घरी काही ताण आहे का? ताकदीच्या गोळ्या लिहून देते.”

त्यांनी चिठ्ठी घेतली, दोन घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवली, “बरं” म्हणाल्या आणि गेल्या.

ताई नंतर दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ताई रागावल्या की गप्प होतात. त्यांच्या गप्प बसण्याचा मला जास्त त्रास होतो. त्यांना काय जातंय! शिव्या खायला मी, हात चालवायला मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या गल्लीतल्या छापखान्यात पत्रक देऊन आले. पाचशे प्रती. मालक म्हणाले, आधी प्रूफ पाठवतो, बघून घ्या. म्हटलं, काही चुका नाहीत त्यात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रूफ आलं. लाल खुणांनी भरलेलं! ‘ठिसूळ’मधला ‘सू’ मी ऱ्हस्व लिहिला होता. दोन ठिकाणी अनुस्वार. एके ठिकाणी वाक्य फिरवा म्हणून बाण. ठीक आहे, चालेल, शुद्धलेखनात मी शाळेपासून कच्ची.

पण शेवटच्या परिच्छेदाशी — ‘दुखतं असं वाटल्यास तो बहुधा मनाचा खेळ असतो’ — त्याच्या समासात एक लाल प्रश्नचिन्ह. खाली बारीक, सरळ, न थरथरलेल्या अक्षरात: ‘हे खरं आहे का? कृपया तपासावे.’

“हा कोण मला विचारणारा!” मी ताईंना कागद दाखवला.

ताईंनी लांब धरून वाचला. “त्या तिथेच कामाला आहेत ना, तुमच्या अजूनबाई. मला कधीच्याच म्हणाल्या होत्या.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! प्रूफ तपासायचं की डॉक्टरकी करायची? पंचवीस वर्षं मी दात बघतेय आणि मला समासात शेरे? कागद चुरगळून टोपलीत टाकला.

मग टोपलीतून काढला. दुरुस्त्या तर करायला हव्यातच ना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी पेशंट नव्हते. अजूनबाईंचा तिरका एक्स-रे पडद्यावर लावला. नुसतं दाखवून द्यायला — कोणाला, ते विचारू नये.

तीन मुळं. तीन पांढऱ्या रेघा. मोठा करून पाहिला.

पुढच्या मुळातली रेघ मुळाच्या मधोमध नाही. एका कडेला आहे.

रेघ कडेला असली की दुसऱ्या कडेला आणखी एक नळी असू शकते. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा असते — केसाएवढी, आडोशाला दडलेली. हे मला तिसऱ्या वर्षाला शिकवलंय. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी!

कॉलेजातल्या मित्राला फोटो पाठवला. तो फक्त रूट कॅनाल करतो, सूक्ष्मदर्शकाखाली. दहा मिनिटांत त्याचा फोन. “अगं, चौथी नळी शोधली होतीस का?”

“शोधली होती,” मी म्हणाले.

फोन ठेवला. शोधली होती? तो नोव्हेंबरचा दिवस आठवला. बाहेर चौघं बसलेले, मला नवऱ्याच्या शाळेच्या कार्यक्रमाला पोचायचं होतं. सुईने एकदा चाचपलं. लागली नाही. तीन भरल्या, बंद केलं. ‘नाही’ असं मी ठरवलं होतं, शोधलं नव्हतं.

मित्राला परत फोन केला. “खोटं बोलले मघाशी.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पेशंटला पाठव.”

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी स्वतः छापखान्यात गेले. यंत्रांची धडधड, शाईचा वास, कागदांचे गठ्ठे ओलांडत मागच्या खोलीत. त्या खिडकीशी बसलेल्या, ओळीखाली पट्टी धरून वाचत होत्या. मला पाहून पट्टी तिथेच ठेवली, ओळ चुकू नये म्हणून.

“पत्रकात काही राहिलं का?”

“तुमचं बरोबर होतं,” मी म्हणाले. आवाज यंत्रांपेक्षा मोठा काढावा लागला, त्यामुळे दोघं-तिघं वळून बघायला लागले. बघू देत. “दाढेत एक नळी माझ्याकडून राहिलीय, असं दिसतंय. आत जंतू राहिले असणार. दुखतंय ते खरं आहे. मनाचं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. भडकल्या, पण त्यांच्या पद्धतीने — आवाज आणखी खाली गेला.

“दुखण्याचं मला एवढं नाही, डॉक्टर. एका बाजूने चावता येतं. पण तुम्ही मन म्हणालात. घरी मुलगी म्हणते, आई, तुला दुखण्याची सवयच लागलीय. यजमान म्हणतात, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का? मग मलाच वाटायला लागलं, माझं डोकं फिरत चाललंय का? गेले आठ दिवस मी प्रत्येक ओळ दोनदा वाचतेय. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही.”

मी उभीच. बसा कोणी म्हणालं नाही, आणि बसायला मला तोंड नव्हतं.

“आणि सोमवारी दाढ काढून टाकतेय,” त्या म्हणाल्या. “चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी फार विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, त्रास देते ना, काढून टाकू.”

धडधाकट मुळं आहेत हो त्या दाढेला! वाचण्यासारखी दाढ, माझ्या आळसापायी जाणार.

“काढू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायला मी आले नाही. माझा मित्र आहे, तो करेल. मी हात लावणार नाही.”

“विचार करते,” त्या म्हणाल्या आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून कामात लक्ष नाही. ताईंनी दोनदा चुकीचं सिमेंट माझ्या हातातून काढून घेतलं. फोन लावू का विचारलं, तर म्हणाल्या, “त्यांची दाढ आहे. त्यांना ठरवू दे.”

बारा वाजता अजूनबाई दारात. गाल सुजलेला नाही. तोंडात कापसाचा बोळा नाही.

“काढली नाही,” म्हणाल्या. “आधी सगळं सांगा. मग ठरवते.”

वहीत प्रश्न लिहून आणले होते. चौथी नळी आहेच हे कशावरून? — खात्री नाही, आत पाहिल्यावरच कळेल. कॅपचं काय? — भोक पाडावं लागेल, कदाचित नवी लागेल. सापडली नाही तर? — मग दुसरे उपाय आहेत, शेवटचा उपाय काढणं. नंतर दुखेल? — दोन-चार दिवस ठणकेल, आणि ते कमी कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं तर लगेच सांगायचं. यश येईलच का? — बहुतेक वेळा येतं. नेहमी नाही.

पाऊण तास. बाहेर लोक ताटकळले, ताईंनी त्यांना थोपवून धरलं.

पंचवीस वर्षं मला वाटत होतं की मी पेशंटना समजावून सांगते. मी त्यांना रागावत होते. एकाचं तरी ऐकून घेतलं का?

“बरं,” अजूनबाई वही मिटून म्हणाल्या. “चला.”

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मित्राचा दवाखाना. मी कोपऱ्यात स्टुलावर, पडद्यासमोर. कॅपला भोक, आतलं भरण काढलं, दाढेचा तळ पडद्यावर ताटलीएवढा मोठा दिसत होता. तीन भोकं — माझी. मित्र पुढच्या मुळाशी खरवडत राहिला. पंधरा मिनिटं. वीस. काहीच नाही! नसेल तर? मी या बाईला उगीच आशा लावली असेल तर?

“ही घे,” तो म्हणाला.

टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. त्याने सर्वांत बारीक सुई टेकवली आणि ती आत उतरत गेली. उतरतच गेली. मग तो वास आला, कुजक्या नसेचा. रोज येतो मला तो वास. आज तो माझ्याच कामातून येत होता.

अजूनबाईंना तोंडावरच्या रबरी पडद्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

“आहे,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले, आणि आता मात्र कडेने पाणी ओघळलं.

१ मार्च, शनिवार

ठणकतंय, असा फोन. कालपेक्षा कमी की जास्त? कमी. मग ठीक.

रंगारी आज टाके काढायला आला नाही! कपाळावर हात मारून घेतला. ताईंना म्हटलं, फोन लावा त्याला. मग म्हटलं, द्या, मीच बोलते. तर शिडीवर होता. “मॅडम, तुम्ही ओरडाल म्हणून आलो नाही.”



६ मार्च, गुरुवार

अजूनबाईंचा फोन.

“काय झालं? अजून —?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “काही नाही. तेच सांगायला केला. सकाळी त्या बाजूने टोस्ट खाल्ला. काही म्हणजे काही नाही.”

९ मार्च, रविवार

पत्रक पुन्हा लिहिलं. शेवटचा परिच्छेद अजूनबाईंकडे बसून, वाक्यावाक्याला हुज्जत घालत. अस्सल भांडखोर बाई आहे — मी ‘क्वचित’ म्हटलं की “क्वचित म्हणजे किती?” असं विचारते. शेवटी ठरलं ते असं:

‘उपचारानंतर काही दिवस दुखू शकतं. ते कमी होत गेलं पाहिजे. आठवड्या-दोन आठवड्यांनंतरही दुखत राहिलं, चावताना खुपत राहिलं, तर परत या. एखादी नळी राहिलेली असू शकते. डॉक्टर मनाचं आहे म्हणाले, तरी परत या. तरीही ऐकलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तुमचं दुखणं तुम्हाला जास्त ठाऊक आहे.’

नवऱ्याने वाचलं. या वेळी चष्मा काढला नाही. “हे छापलंस तर लोक तुझ्याकडे येतील का?”

माहीत नाही, म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

सहा वर्षांच्या फायली काढल्या. वरच्या पहिल्या दाढा, मी केलेल्या — चौपन्न. त्यांत चौथी नळी शोधून भरल्याची नोंद — सात.

प्रत्येक दाढेत ती असतेच असं नाही. राहिली तर दुखतेच असंही नाही. तरीही पहिला फोन लावला. पाच वर्षांपूर्वीच्या पेशंट, निवृत्त नर्स. त्यांची एकदाही तक्रार नाही.

“त्या बाजूने चावता ना?”

“छे हो. दुखतं ना.”

“मग आला का नाहीत?”

“मला वाटलं, रूट कॅनाल केलं की असंच असतं.”